नावापुढचे ‘डॉक्टर’ आणि चिंचणीची वाट

चिंचणीहून मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात वेळेवर पोहोचायचे असेल, तर भल्या पहाटे घर सोडावे लागते. रिक्षाने वाणगाव स्थानक, तेथून डहाणूची लोकल, पुढे मुंबईची गर्दी आणि मग बस. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली तेव्हा हा प्रवास सुकर झाला, संपला मात्र नाही. तरीही चिंचणी-तारापूरची मुले तो करीत आली आहेत. किनाऱ्यावरचे हे गाव शिक्षणात कधी मागे नव्हते. गावात जुने हायस्कूल आहे, पी. एल. श्रॉफ महाविद्यालय आहे. १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत यांमुळे घरोघरी अभियंता, रसायनतज्ज्ञ, औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर दिसतो. अशा घरांत मुलाने अमुक शाखेला जावे, हे बहुधा दहावीच्या निकालाआधीच ठरलेले असते.

अलीकडे मात्र या ठरलेल्या चाकोरीला छेद देणारी एक मागणी अशा घरांतून ऐकू येऊ लागली आहे. मुलगी बी.ए.ला मानसशास्त्र घेते, एम.ए. करते आणि एके दिवशी जेवताना सांगते की, तिला चिकित्सा मानसशास्त्रात, म्हणजे ज्याला सर्वत्र क्लिनिकल सायकॉलॉजी म्हटले जाते त्या विषयात, डॉक्टरेट करायची आहे. आजी विचारते, “म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का गं तू?” वडील अधिक व्यवहारी असतात. ते विचारतात की किती वर्षे लागतील, किती खर्च येईल आणि पुढे काय?

आजीच्या प्रश्नाचे उत्तर काळ देईल. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आजच द्यावे लागते आणि नेमकी तेथेच दिशाभूल होते. कारण परिचयातील कोणीतरी प्राध्यापक किंवा शहरातला एखादा नातेवाईक सहजपणे सांगून जातो, “पीएच.डी. करू दे. नावापुढे डॉक्टर लागले की दवाखाना थाटायला मोकळी.” हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला, तरी तो साफ चुकीचा आहे. मुलीच्या आयुष्यातील चार-पाच वर्षे त्याने वाया जाऊ शकतात.

उपाधी वेगळी, अधिकार वेगळा

आपल्या देशात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्याचा अधिकार पीएच.डी.मुळे मिळत नाही. तो मिळतो भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्याने. ही परिषद संसदेने १९९२ साली केलेल्या कायद्याने अस्तित्वात आली. परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत, मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यालाच त्या नोंदवहीत स्थान मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानेही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या याच पायावर केली आहे. एक तर परिषदेची मान्यता असलेली अर्हता हवी. किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ, अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णसेवेचे प्रशिक्षण देणारे, परिषदेनेच मान्य केलेले एम.फिल. हवे. विद्यापीठाची पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. तिच्यासाठी वाचन, सर्वेक्षण, संख्याशास्त्र आणि प्रबंधलेखन करावे लागते. या सगळ्यात एकाही रुग्णाला प्रत्यक्ष बरे करावे लागेलच असे नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचे पाहून येथे गोंधळ आणखी वाढतो. तिकडे चिकित्सा मानसशास्त्राच्या डॉक्टरेटमध्येच रुग्णसेवेचे प्रशिक्षण गुंफलेले असते. १९४९ साली बोल्डर येथे झालेल्या परिषदेने, चिकित्सक हा शास्त्रज्ञही असावा आणि व्यवसायीही, असा दंडक घालून दिला. पाच-सहा वर्षांचा अभ्यास, त्यात रुग्णसेवा, शेवटी वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप आणि त्यानंतर त्या त्या राज्याचा परवाना, असा तो क्रम आहे. म्हणून न्यू जर्सीतील आतेबहीण “मी क्लिनिकलमध्ये पीएच.डी. करते आहे” असे सांगते, तेव्हा ती जे सांगते ते आणि बोईसरची मामेबहीण तेच शब्द वापरून जे सांगते ते एक नसते. शब्द सारखा, वस्तू वेगळी. (आपल्याकडे पाटीवर ‘डॉ.’ पाहून रांग लावणाऱ्यांची संख्या पाहता, हा भेद समाजालाही शिकवावा लागेल.)

नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्यास १९९२च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. हजार रुपये! एका बैठकीचे शुल्कच शहरांतून त्याहून अधिक घेतले जाते. ज्या कायद्याचा दंड एका सत्राच्या कमाईत भरून निघतो, त्याचा धाक कोणाला वाटणार? कायदा तसा आहे म्हणूनच मनोविकाराने गांजलेल्या कुटुंबाला आपल्यासमोर बसलेली व्यक्ती कोण आहे, हे स्वतःच तपासावे लागते.

शिडीची मधली पायरी

आता दुसरा, अधिक गंभीर मुद्दा. आजवरची वाट सरळ नसली तरी माहीत असलेली होती. एम.ए., नंतर परिषदेच्या मान्यतेचे दोन वर्षांचे एम.फिल., नोंदणी, आणि ज्याला संशोधनाची ओढ असेल त्याने पुढे पीएच.डी. बंगळूरुच्या निम्हान्समध्ये, म्हणजे १९५४ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेच्या वारसदार संस्थेत, किंवा रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत हे प्रशिक्षण घेतलेल्यांनी देशभरातील रुग्णालये सांभाळली आहेत. महाराष्ट्रात पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेसारखी मोजकी ठिकाणे आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरविले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मधील नियमावलीने त्याची अंमलबजावणी केली. इतर विषयांपुरता हा निर्णय योग्यच होता. एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधली ती पायरी बहुतेक शाखांत केवळ कालहरणाची झाली होती. परंतु चिकित्सा मानसशास्त्रातील एम.फिल. हे नावापुरतेच एम.फिल. होते. प्रत्यक्षात तो व्यवसायाचा परवाना होता. सर्वांना एकच कात्री लावताना हे ध्यानात राहिले नाही. चूक उमगल्यावर आयोगाने चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन एम.फिल. अभ्यासक्रमांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेश देण्याची मुभा दिली. दरम्यान पुनर्वास परिषदेने पदवी, पदव्युत्तर पदवी आणि साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट अशी नवी रचना पुढे आणली.

धोरणाची दिशा मान्य असणाऱ्यांनीही या एका गाठीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जुनी पायरी काढून टाकण्याचा दिनांक आधी ठरला आणि नवी पायरी बसविण्याचे काम मागाहून सुरू झाले. महानगरातील विद्यार्थ्याला अशा संक्रमणाची झळ कमी बसते. त्याच्या महाविद्यालयात विचारायला माणसे असतात, परिपत्रक निघाल्याची बातमी त्याच दिवशी कानावर येते. चिंचणीच्या मुलीला ती बातमी बहुधा प्रवेशाची मुदत संपल्यावर कळते. धोरणातील संदिग्धतेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ती गावाच्या स्थानकापासूनच्या अंतरावर ठरते.

२०२२च्या नियमावलीतील आणखी एक तरतूद या संदर्भात काळजीपूर्वक वाचावी अशी आहे. चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्के गुणांनी मिळविणाऱ्याला आता थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. वरवर पाहता हे आकर्षक आहे. बाविसाव्या वर्षी प्रवेश, किमान तीन वर्षांत प्रबंध, पंचविशीत ‘डॉक्टर’! पण ज्याला रुग्णासमोर बसायचे आहे त्याने हा सोपा रस्ता धरला, तर हाती उपाधी येईल आणि नोंदवहीत नाव येणार नाही. महाविद्यालयात शिकवायचे असेल, संशोधनच करायचे असेल तर गोष्ट निराळी. तो सन्मानाचा मार्ग आहे. मात्र तो निवडला आहे हे निवडणाऱ्याला ठाऊक हवे.

नव्वद वर्षांची मोजपट्टी

“एवढे करून हे शास्त्र पाश्चात्यांचेच ना?” असा आक्षेप काही वेळा आपल्याच घरांतून घेतला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. भारतात मानसशास्त्रातील पहिली डॉक्टरेट कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली दिली, ती गिरींद्रशेखर बोस यांना. ते स्वतः वैद्यकीय पदवीधर होते आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता मनातील दमन. फ्रॉइडशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. पण तो शिष्याचा नव्हता. फ्रॉइडचे जे पटले नाही ते त्यांनी त्याला स्पष्ट कळविले. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. याच बोसांनी भगवद्गीतेवर आणि पुराणांवर बंगालीत ग्रंथ लिहिले. १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट गेली, ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. परके शास्त्र आत्मसात करतानाही आपले अधिष्ठान कसे सोडू नये, याचा याहून बोलका दाखला कोणता?

मराठीचे या शास्त्राशी नाते तर अधिक जवळचे आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कानडी आणि मराठी रूप सिद्ध केले, ते १९३४ साली. नागपूर येथे डॉ. मालिन यांनी १९६० च्या दशकात मुलांसाठी दुसरी चाचणी भारतीय परिस्थितीला जुळवून घेतली. पुण्यात डॉ. आप्पा पेंडसे या मानसशास्त्रज्ञानेच १९६२ साली ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली आणि बुद्धीचे मापन राष्ट्रकार्याला जोडून दाखविले.

या वैभवाची दुसरी बाजू मात्र अस्वस्थ करणारी आहे. कामतांची आणि मालिन यांची चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र, परीक्षेतील सवलत, विशेष शाळेतील प्रवेश असे मुलाच्या आयुष्याला वळण देणारे निर्णय तिच्या आधारे होतात. म्हणजे आज डहाणू तालुक्यातील पाड्यावर वारली बोलणाऱ्या किंवा चिंचणीच्या मांगेलवाड्यात वाढणाऱ्या मुलाची बुद्धी, नव्वद वर्षांपूर्वी धारवाडच्या मुलांवर बेतलेल्या पट्टीने मोजली जाऊ शकते. त्या मुलाला एखाद्या शब्दाचा अर्थ आला नाही, तर तो बुद्धीचा दोष की बोलीचा? याचा निवाडा तीच व्यक्ती करू शकेल जिने ती बोली घरात नाही तर निदान आळीत ऐकली आहे. नव्या चाचण्या, नवी प्रमाणके, मराठीच्या बोलींतील शब्दसंग्रह हे सारे डॉक्टरेटच्या कामाचे विषय आहेत.

विषय दाराशी उभे आहेत

डॉक्टरेटच्या अर्जात सर्वांत अवघड भाग संशोधनाच्या आराखड्याचा असतो. विद्यार्थी ग्रंथालयात विषय शोधत बसतात आणि शेवटी ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील ताणतणाव’ असा शंभर वेळा चघळलेला विषय सादर करतात. चिंचणी-बोईसरच्या विद्यार्थ्याला तशी गरज नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. एक मोठा हादरा येऊन प्रकरण संपले असे झाले नाही. लहानमोठे धक्के महिनोन् महिने येत राहिले. माणसे थंडीत तंबूंमध्ये झोपली. घर हीच धोक्याची जागा झाली तर मुलाच्या झोपेचे, शाळेचे, भुकेचे काय होते? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२० सारखे जीव घेणारे स्फोट झाले आहेत. अशा स्फोटानंतर कामगार पुन्हा त्याच फाटकातून पाळीवर जातो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललेले असते? अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. समुद्राकाठच्या घरातून वसाहतीत गेलेल्या वृद्धांच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला? देशाला वीज हवी होती, हे खरेच आहे. ज्यांनी त्यासाठी गाव सोडले त्यांच्या मनाची विचारपूस करणे हेही देशाचेच काम आहे.

या सर्वांहून हृदय पिळवटणारा विषय किनाऱ्यावरच्या पाड्यांतला आहे. डहाणू-तलासरीकडची माणसे गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी सीमेवर पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडते आणि घरचा कर्ता कराचीच्या तुरुंगात जातो. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीत नाव असले तरी सुटका कधी, हे कोणी सांगत नाही. शिक्षेची मुदत संपूनही माणूस परतत नाही. पत्नी ना सवाष्णीच्या निश्चिंतीने राहू शकते, ना शोक करून मोकळी होऊ शकते. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा अवस्थेला ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाचे नाव दिले. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची कुटुंबे तिने अभ्यासली होती. तेच दुःख येथे वाणगावहून तासाभराच्या वाटेवर आहे. ते ऐकून घ्यायला, त्याच्यावर काय उपाय चालतो हे तपासायला, त्या घराच्या ओट्यावर बसू शकेल असे माणूस हवे. दुभाष्या मध्ये घेऊन हे काम होत नाही. ‘काळजात कालवाकालव होते’, ‘डोके भणाणते’, ‘अंगात येते’ या शब्दांतून रोगी जे सांगतो, ते प्रश्नावलीच्या इंग्रजी खुणांत बसविताना निम्मे सांडते.

निम्हान्सच्या पुढाकाराने झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले. ज्यांना उपचार हवेत पण मिळत नाहीत अशांचे प्रमाण, विकारानुसार, सत्तर ते ब्याण्णव टक्क्यांपर्यंत होते. शासनाने १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालविला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली, १४४१६ हा तिचा क्रमांक. योजना स्तुत्य आहेत. पण दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला आणि जिल्हा रुग्णालयाच्या खुर्चीवर प्रशिक्षित माणूस बसवायचा, तो येणार कोठून? सरकारी मनोरुग्णालय म्हटले की या भागातील माणसाला अजूनही ठाणेच आठवते.

अर्ज भरण्यापूर्वी

तेव्हा ज्या घरात हा विषय निघाला आहे, तेथे आई-वडिलांनी विरोध किंवा कौतुक करण्याआधी काही कागद स्वतः वाचावेत. अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता परिषदेच्या यादीत पाहावे. मान्यता मुदतीची असते आणि जागा मोजक्याच असतात. लाखोंचे शुल्क घेऊन मान्यतेच्या जवळपास जाणारी भाषा वापरणाऱ्या संस्थांचा सुळसुळाट आहे. ‘डिप्लोमा इन कौन्सेलिंग’ ही नोंदणी नव्हे.

पीएच.डी.च करायची असेल तर मार्गदर्शक आधी शोधावा. नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधकच असू शकतात. म्हणून गुणवत्ता असूनही जागा नाही असे घडते. २०२४-२५ पासून नेट परीक्षेचे गुण प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची सोय आयोगाने केली आहे. परीक्षेला सत्तर टक्के, मुलाखतीला तीस टक्के महत्त्व. त्या तीस टक्क्यांत गावाकडच्या मुलांची जीभ अडखळते, कारण त्यांना वाटते की विषय नव्हे, इंग्रजीच तपासली जात आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने आराखडा आधी मराठीत लिहून काढावा, घरात मोठ्याने वाचावा. आजीला समजला तर तो पक्का झाला असे समजावे, मग इंग्रजीत न्यावा.

सेवाकार्यातील संस्थांनाही येथे करण्यासारखे बरेच आहे. वनवासी पाड्यांवर वर्षानुवर्षे जाणाऱ्या कार्यकर्त्यांकडे जी ओळख आणि जो विश्वास आहे, तो कोणत्याही विद्यापीठाकडे नाही. एखादी संशोधक मुलगी तलासरीच्या पाड्यावर जाणार असेल, तर तिच्याबरोबर पहिल्या चार खेपा कोणी जायचे, तिची कालिना किंवा पुण्यातील राहण्याची सोय कोणाच्या घरी करायची, दोन वर्षांच्या प्रशिक्षणात घरखर्चाला हातभार कसा लावायचा, ही कामे संघटनेला नवी नाहीत. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी ती केली जातातच. शिक्षणशुल्काची मदत देताना अर्जावर ‘मानसशास्त्र’ हा शब्द दिसला की तो गठ्ठ्याच्या खाली जातो, एवढे थांबले तरी पुष्कळ.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. कार्यालये आली, इमारती उभ्या राहिल्या. परिषदेची नवी शिडी उभी राहत असताना तिची एखादी पायरी या जिल्ह्यातील रुग्णालयातही असावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी आताच करायला हवी. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत मार्गदर्शक आणि पुरेसे रुग्ण लागतात. पहिले दोन आणावे लागतील. तिसऱ्यांची रांग सध्या पहाटेच्या गाडीने ठाण्याला जाते.